तासरावांचं नाव

आमच्या भिलाईत दसऱ्याच्या सकाळी माणसं मान वर करून चालतात. विजेच्या तारा, जुने खांब, वाळक्या बाभळीचा शेंडा, जिथे म्हणून पाखरू बसू शकतं तिथे त्यांची नजर फिरत असते. त्या दिवशी नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं असं इकडे सगळेच मानतात. छत्तीसगढी मानतात, बिहारी मानतात, तेलुगू मानतात आणि नागपूरकडून आलेले आम्ही मराठीही मानतो. वर पाहण्याच्या नादात नालीत पाय घालणारे दोन-चार जण दर दसऱ्याला निघतातच. त्यांचं वर्ष कसं जातं हे मात्र कोणी विचारत नाही.

या सगळ्या गावात एकच बाई अशी होती, जी हा पक्षी सगळ्यांच्या आधी हेरायची आणि त्याला नीलकंठ मात्र म्हणायची नाही. त्या धांडेकाकू. त्या म्हणायच्या 'तास'. हे त्या पक्ष्याचं जुनं मराठी नाव. आर्वीकडे त्यांच्या माहेरी आजोबा हाच शब्द वापरायचे आणि काकूंनी तो रुखवतातल्या भांड्यांबरोबर इकडे आणला होता. अडचण एवढीच की भिलाईत तो कोणालाही धड कळायचा नाही. आम्हा मराठी माणसांना तास म्हटलं की घड्याळ आठवतं आणि छत्तीसगढी माणूस पत्त्यांच्या खेळाला तास म्हणतो. त्यामुळे काकूंनी तोंड उघडलं की निम्मे लोक मनगटाकडे बघायचे आणि उरलेल्यांचे डोळे चमकायचे.

मीही फसलेच होते. लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा आम्हाला सेक्टरमध्ये स्टील प्लांटचं क्वार्टर मिळालं होतं. जिन्यावर समोरच्या दाराला 'एन. बी. धांडे' अशी पाटी. सामान पुरतं लागलंही नव्हतं तोच दसरा आला. सकाळीच कडी वाजली. काकूंना बेलचं बटण दाबायचा मनापासून कंटाळा होता, त्या कडीच वाजवायच्या, तीही आतल्या माणसाला आग लागल्यासारखं वाटावं अशी. मी दार उघडलं. समोर एक ठेंगणी, गोरी बाई, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली नवऱ्याचे जुने सेफ्टी शूज.

"चाल वं, तास पाहाले," त्या म्हणाल्या.

"कोणाचा तास?"

"कोणाचा म्हंजे? देवाचा. चाल, उशीर होऊन राहिला."

मला वाटलं, गीतेचा वर्ग असेल, नाहीतर भजनाचा. नवी सून, नाही कसं म्हणणार? मी घाईघाईने जरीची साडी नेसले, अंबाडा घातला आणि निघाले. काकूंनी मला सेक्टरच्या मागच्या पडीक जमिनीवर नेलं. चिखल घोट्यापर्यंत. त्यांच्या पायातल्या बुटांचं कारण मला तिथे कळलं. तारेवर एक मातकट रंगाचा, मोठ्या डोक्याचा पक्षी अंग फुगवून बसला होता. चेहरा असा की सकाळपासून कोणाशी पटलेलं नाही. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी जरीची साडी? तेवढ्यात खाली गवतात काहीतरी हललं आणि तो झेपावला. पंख उघडले आणि गडद निळा, फिकट निळा असे दोन्ही रंग एकदम समोर पसरले. नाकतोडा चोचीत धरून तो परत तारेवर आला, त्याला दोनदा तारेवर आपटलं, गिळला आणि पुन्हा मातकट होऊन बसला.

"पाह्यलं? बसला तं क्लर्क, उडाला तं साहेब," काकू म्हणाल्या.

"अहो, हा तर नील—"

काकूंचा हात माझ्या तोंडावर बसला. हाताला कांद्याचा वास होता. "गप," त्या म्हणाल्या, आणि तरातरा घराकडे निघाल्या. मी घाबरले. म्हटलं, झालं, पहिल्याच दसऱ्याला शेजारणीचा शकुन मोडला.

उलगडा केला धांडेकाकांनी. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. उंच, सडपातळ, मिलमध्ये आवाजात नोकरी केल्यामुळे घरी फार हळू बोलणारे. आम्हाला पाहून ते म्हणाले, "काय दिसलं?"

"तास," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका माझ्याकडे वळले. "तुले सांगतो पोरी. माहं नाव नीलकंठ. नीलकंठ भगवानजी धांडे. ही बाई दर दसऱ्याले माह्या नावाचं पाखरू पाहाले जाते आन माहं नाव घेत नाई. माही एकच इच्छा हाये. मरायच्या आधी एकदा हिच्या तोंडून आपलं नाव आयकाचं."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मरायचं नाव काढाचं नाई सणाच्या दिवशी."

"पाहा, मरायचं काढलं तं चालत नाई, माहं काढत नाई," काका म्हणाले.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी नागपूरला पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्या लाजेने घेत नसत. काकूंचं तसं नव्हतं. त्यांना भीती होती. त्यांच्या मावशीने एकदा भर अंगणात, भांडणाच्या रागात, नवऱ्याला नावाने हाक मारली आणि वर्षाच्या आत तो गेला. लहानग्या काकूंनी ती हाकही ऐकली होती आणि नंतरचं रडणंही. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं, त्यांनी पाहिलं होतं. त्यावर मी त्यांच्याशी वाद घालायचा प्रयत्न एकदाच केला. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुहं खरं असन वं. पण खोटं निंघालं तं तू देशीन का मले दुसरे धांडे आणून?"

एरवी या बाईला कशाचीही भीती नव्हती. दूधवाल्याला त्या हिंदीत दम द्यायच्या, "भैया, कल कावून नहीं आया?" आणि तो बिचारा 'कावून' म्हणजे 'का' हे न कळताच माफी मागायचा. भाजीबाजारात त्या सांभार मागायच्या. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांनी अख्ख्या बाजाराला शिकवलं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंना त्यांनी एकदा मोठ्या प्रेमाने सांभारवडी खायला बोलावलं, तर त्या बाई सांबार वाढून घ्यायला घरून वाटी घेऊन आल्या. काकूंनी त्या वाटीत वड्या भरून दिल्या आणि म्हणाल्या, "बुडवाची गरज नाई, हे कोरडंच चांगलं." भाषेमुळे कुणाचं अडलं तर ते समोरच्याचं अडतं, आपलं नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

नीलकंठ शब्द टाळताना मात्र त्यांची फार धावपळ व्हायची, कारण हा शब्द कुठून येईल याचा नेम नाही. महादेवाच्या भजनात तो आला की काकूंना नेमका खोकला यायचा. पुढे आम्ही सगळ्याच बायका त्या जागी आवाज चढवायचो, म्हणजे खोकला झाकला जायचा. नीलकंठ नावाच्या दुकानातून आणलेलं कापड त्या 'चौकातल्या दुकानातलं' म्हणायच्या. चौकात दुकानं डझनभर.

काकांना यात भारी मजा यायची. एकदा त्यांनी कुठूनसं पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि चहाच्या वेळी वाचून दाखवलं. "हे पाहा, याले इंग्रजीत इंडियन रोलर म्हणतात. तू हे म्हणत जा. यात माहं नाव नाई."

"रोलर? रोलर तं तुमच्या मिलमधी असते. लोखंड दाबाचं. पाखराले कोण रोलर म्हणीन?"

"आधी ब्लू जे म्हणत होते. मंग बदललं."

"बदललं? इंग्रजाच्या पाखराचं नाव बदलते, तं मले कावून बोलता? माहंही जुनं नावच हाये, मी फक्त बदललं नाई."

काकांनी पुस्तक मिटलं. ते पुस्तक नंतर बरेच दिवस खिडकीची फट धरायला होतं.

पण त्या जुन्या नावाने एकदा जी धमाल उडवली तिची गोष्ट आजही आमच्याकडे निघाली की पोट धरून हसायला होतं. आमच्या मराठी मंडळाचं एक छोटं सभागृह होतं आणि बाहेर एक फळा होता. काकूंना वाटलं, सगळ्यांनी मिळून पक्षी पाहायला जावं. त्यांनी खडूने ठळक लिहिलं: 'दसऱ्याला सकाळी तलावाजवळ तास. सर्वांनी यावे. चहा मिळेल.' मराठी मंडळींनी वाचलं आणि त्यांना वाटलं, कोणाचं तरी प्रवचन आहे. त्यामुळे कोणीच आलं नाही. आमचे शेजारी साहूजी, प्लांटमधून निवृत्त झालेले आणि पत्त्यांचे शौकीन, तेही तो फळा वाचून गेले. देवनागरीच ती. तलाव कळला, चहा कळला, तास तर फारच चांगला कळला.

दसऱ्याला सकाळी काकू, मी आणि चहाचा मोठा थर्मास तलावाशी पोहोचलो, तर पारावर सतरंजी अंथरून साहूजी आणि त्यांचे तिघे दोस्त पत्ते पिसत बसलेले.

"आओ भाभीजी, हमन तास खेले बर आए हन," साहूजी म्हणाले. "मराठी लोग भी खेलते हैं, मालूम नहीं था."

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. काकूंनी थर्मास सतरंजीवर ठेवला, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "खेलो. लेकिन मुंडी ऊपर रखने की." डावभर काकूंनी त्यांना पक्ष्याचं समजावून सांगितलं, आणि पक्षी तारेवर आला तेव्हा पहिल्यांदा साहूजींनीच पाहिला. हातातली चांगली पानं टाकून ते उभे राहिले. पुढे दर दसऱ्याला ही मंडळी येऊ लागली. पक्षी दिसेपर्यंत पत्ते, दिसला की चहा. मराठी मंडळीही मग हळूहळू आली. मंडळात त्या सकाळच्या कार्यक्रमाला सगळेच 'तास' म्हणू लागले आणि कोण कोणत्या अर्थाने म्हणतंय याची चौकशी बंद झाली.

हळदीकुंकवाला बायका काकूंना उखाण्यात पकडायच्या. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, तिथे आयुष्य कमी होत नाही, असा आमचा युक्तिवाद. काकू ऐकत नसत. एका संक्रांतीला आम्ही अगदी घेरावच घातला. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि ठणकावून म्हणाल्या:

"मिलचा भोंगा वाजता उघडते क्वार्टरचं दार,
तासरावांचं नाव घेते, आणा चहा चार."

हसून हसून बायकांच्या हातातला तिळगूळ सांडला. त्या दिवसापासून धांडेकाका सेक्टरभर तासराव झाले. मिलमधले लोकही म्हणू लागले. काका म्हणायचे, "हे नाव लोकायच्या तोंडून आयकतो न, तं खरं नाव आणखीच आयकावंसं वाटते." म्हणायचे हसत, पण मागायचे खरंच. दर दसऱ्याला, तारेवरून पक्षी उडाला की, "काय उडालं?" "तास." "एकदा तरी." "एकदा घेतलं आन तुमचं वरीस गेलं, तं ते कोण आणून देईन?" इथे काका मागणं सोडायचे. त्या भीतीत आपल्यासाठी काय आहे हे त्यांना कळत होतं.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, त्यांनी भिलाईतच रिसालीत छोटं घर बांधलं. मुलगी वर्ध्याला दिलेली होती, म्हणजे घरात दोघंच. आम्ही स्मृति नगरला गेलो. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. येणं-जाणं होतंच. मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या. मग एकदा चक्कीवर दळण ठेवून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसले. काकू हे सगळं विनोदाने सांगायच्या. "काल मले म्हणे, बाई, तुम्ही कोणाकडल्या? मी म्हटलं, तुमच्याकडली." सांगताना हसायच्या आणि फोन घाईने ठेवायच्या.

मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीवर एक छत्तीसगढी मुलगी नोंद करत होती. तिने काकांना नाव विचारलं. काका तिच्याकडे पाहून छान हसले. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना ते या क्षणी आठवत नाहीये. मी तोंड उघडणार होते, पण मुलीने आधी काकूंनाच विचारलं, "आपके पति हैं न? नाम बताइए."

काकूंचा चेहरा पडला. पुढे सरकत त्या म्हणाल्या, "वो दशहरे को देखते हैं न बाई. तार पर बैठता है. निळा निळा."

मुलीने विचारलं, "नीलकंठ?"

"बोला," काका म्हणाले.

त्या खिडकीपाशी दोघं उभी होती. एकाला नाव आठवत नव्हतं आणि दुसरीला ते उच्चारता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आत डॉक्टर म्हणाले, "यांना नावाने हाक मारत राहा. नाव सगळ्यात शेवटी जातं. ते टिकलं तर माणूस हाकेला वळतो, नाहीतर एक दिवस घराबाहेर पडेल आणि कोणाच्या हाकेने परत यायचा नाही." काकू मान हलवत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर 'अहो' म्हटलं होतं, आणि काका आता 'अहो'ला वळत नव्हते. 'अहो' कोणीही असू शकतं.

रिक्षात त्या मला म्हणाल्या, "घेतलं तं वरीस कमी होईन. नाई घेतलं तं हरवतीन. आता तूच सांग वं."

मी म्हटलं, "घ्या."

काकूंनी यातून स्वतःची वाट काढली. एके दुपारी मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. "जरा हाक मार न वं. जेवत नाई हायेत. मी फोन कानाले लावतो त्यायच्या." आणि मी स्टाफरूममध्ये, भोवती आठ शिक्षक डबे खात असताना, म्हटलं, "नीलकंठराव, जेवून घ्या." पलीकडून काकांचा आवाज आला, "ओ." आणि ताट सरकवल्याचा आवाज. मग हे रोजचंच झालं. नीलकंठराव, आंघोळीला चला. नीलकंठराव, उन्हातून घरात या. नीलकंठराव, गोळी थुंकू नका. स्टाफरूममध्ये मी नवऱ्याला फोनवर फार धाकात ठेवते अशी माझी ख्याती झाली. माझ्या नवऱ्याचं नाव दिलीप आहे हे सांगून मी थकले.

"माह्या तोंडानं नाई, पण माह्या घरात तं घेतलं जाते न," काकू म्हणायच्या. पण त्यांनाही कळत होतं की हे किती दिवस चालणार. एकदा मी परीक्षेच्या पाळीवर होते, फोन बंद. तेवढ्यात काका मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले. ओळखीच्या माणसाने आणून सोडलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकूंचा फोन आला तो नेहमीसारखाच, आणि तेच मला लागलं.

मग दसरा आला. आता रिसालीच्या बाहेरचा तलाव ठरला होता. साहूजी आले, सतरंजी आली, माझ्या हातात थर्मास. काकूंनी काकांना पांढरा शर्ट घालून, केस विंचरून आणलं होतं आणि एक हात धरून ठेवला होता. पाणी काठोकाठ होतं. पलीकडच्या काठाला उतरत्या पायऱ्या, शेवाळलेल्या. दोन्ही काठांवर माणसं जमली होती, अख्खी कुटुंबं, कडेवर पोरं. सगळे तारांकडे पाहत होते.

पक्षी आला आणि एकच गिल्ला झाला. "नीलकंठ! वो देखो, नीलकंठ!" इकडून, तिकडून, पलीकडून.

काकूंनी सगळ्यांना चहा ओतायला हात सोडला आणि मग त्याही वर पाहत राहिल्या. काकांनी आपलं नाव ऐकलं होतं. इतक्या लोकांनी एकदम हाक मारली तर माणूस काय करील? ते जवळच्या कुटुंबाकडे गेले, "ओ, बोला." ते लोक हसले आणि त्यांना वर बोट दाखवलं. मग पुढच्या घोळक्यातून हाक आली, तर काका तिकडे. "ओ, आलो." तसे हाकेहाकेने तलावाला वळसा घालत गेले. काकूंनी वळून पाहिलं तेव्हा ते पलीकडच्या काठावर होते. पक्षी पाण्यावरच्या तारेवर जाऊन बसला होता, पायऱ्यांच्या वरच्या बाजूला गर्दी ओरडत होती आणि काका पाण्याच्या दिशेने पायऱ्या उतरत होते. तोंडाने म्हणत होते, "आलो, आलो." सगळ्यांचे डोळे वर. खाली कोणी पाहतच नव्हतं.

मी ओरडले, "नीलकंठराव, थांबा." माझी हाक त्या गोंगाटात आणखी एक होऊन गेली. काका आणखी एक पायरी उतरले. साहूजी धावले, पण धावायचं म्हणजे अर्धा तलाव फिरून.

"अहो," काकू ओरडल्या. "अहो, थांबा." ते तसंच पाण्यावरून गेलं. काकांचा पाय पाण्यात होता.

मग काकूंनी हाक मारली.

"नीलकंठ."

राव नाही, काही नाही. सबंध तलावावर तो आवाज गेला. आजूबाजूच्या लोकांनी माना आणखी वर केल्या, त्यांना वाटलं दुसरा दिसला. फक्त एका माणसाने मान वर केली नाही. तो वळला, आणि त्याने अचूक आमच्या काठाकडे, आमच्यातही अचूक काकूंकडे पाहिलं.

"ओ," काका म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

काकू कशा धावल्या मला सांगता येणार नाही. मी पोहोचले तेव्हा त्यांनी काकांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता आणि त्या ओल्या पायऱ्यांवर बसून रडत होत्या. साहूजी बाजूला उभे राहून धापा टाकत होते. काका काकूंकडे वाकून पाहत होते. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता, जुना, चेष्टेचा.

"घेतलं न शेवटी," ते म्हणाले.

"घेतलं," काकू म्हणाल्या.

"परत घे."

"घरी चाला आधी."

संध्याकाळी सोनं द्यायला गेले तर काकू देवापुढे बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता काय होईन वं?" मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "कमी व्हायचं असन तं माह्यातलं होऊ दे. मी सांगून ठेवलं त्याले." आणि देवाकडे बोट दाखवलं, जसं दूधवाल्याकडे दाखवायच्या.

काका त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या दसऱ्यालाही होते. मावशीच्या अंगणातला नियम रिसालीत लागू पडला नाही, असं मी म्हटलं तर काकू म्हणाल्या, "जास्त बोलू नको, तो आयकते." गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले, आणि काकू आता मुलीकडे वर्ध्याला असतात. पण मला त्या आठवतात त्या त्याआधीच्या एका दुपारच्या. मी त्यांना काही द्यायला रिसालीला गेले होते. काका तेव्हा कोणालाच ओळखत नव्हते, काकूंनाही नाही. हाक मारली की ओ द्यायचे, तेवढंच उरलं होतं.

फाटकाशीच मला आतला आवाज ऐकू आला. "नीलकंठ," काकू म्हणत होत्या. "ओ." थोडं थांबून पुन्हा, "नीलकंठ." "ओ." मी वाट पाहिली, पुढे काहीतरी येईल, जेवा, बसा, गोळी घ्या. काहीच आलं नाही. काम काही नव्हतंच. पुन्हा, "नीलकंठ." "ओ." मी फाटक हळूच परत लावलं, आत न जाताच वळले आणि गल्लीच्या तोंडाशी आले, तरी आतून हाका येतच होत्या.